टियागो पेट्रोल की टियागो ईव्ही? मुंबईत रोज चालवायला सोयीची कोणती

पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडीची तुलना बऱ्याचदा फसते, कारण समोरासमोर ठेवलेल्या दोन गाड्या मुळातच वेगळ्या असतात. एक एसयूव्ही, दुसरी हॅचबॅक. मग फरक इंधनाचा आहे की गाडीचा, हेच कळत नाही. टाटा टियागोच्या बाबतीत हा घोळ होत नाही. तीच बॉडी, तीच दारं, बसायला जागा तेवढीच. पेट्रोलच्या गाडीत ११९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ८६ पीएस ताकद, ११३ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) आणि ३५ लिटरची टाकी. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ईव्हीत इंजिनाच्या जागी ५५ किलोवॉटची मोटर, टॉर्क ११४ आणि बॅटरी २४ युनिटची. १९.२ युनिटची लहान बॅटरीही मिळते, पण ठाण्याहून किंवा बोरिवलीहून रोज फोर्ट गाठून एसी लावून परत येणाऱ्याच्या हाताशी तिच्यात राखीव अंतर बरंच कमी उरतं. म्हणून इथे सगळा हिशेब २४ युनिटच्या गाडीचा आहे.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. रस्त्यावर ईव्ही पेट्रोलपेक्षा सोयीची आहे, यात वाद नाही. पण ती सोय तुमच्या वाट्याला येणार की नाही, ते ठरतं तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. म्हणून या परीक्षणात गाडीपेक्षा भिंतीतल्या सॉकेटबद्दल जास्त लिहिलं आहे.

ट्रॅफिकमध्ये

संध्याकाळी सातला जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पवईपाशी गाडी चालत नाही, सरकते. मॅन्युअल पेट्रोलमध्ये हे सरकणं म्हणजे हाफ क्लच, आणि रोज तासभर हाफ क्लच म्हणजे आधी डावा गुडघा आणि मग क्लचप्लेट. एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली तर गुडघा वाचतो, पण आत क्लच तोच असतो, फक्त तो दाबायचं काम मशीन करतं. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरली की तो तितकाच तापतो. ईव्हीत क्लच नाही आणि बदलायला गिअर नाहीत. ब्रेकवरचा पाय सैल केला की गाडी आपणहून पुढे सरकते. केम्प्स कॉर्नरच्या चढावर मागची टॅक्सी बंपरला चिकटून उभी असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

टॉर्कचे आकडे कागदावर सारखे आहेत, पण पेट्रोलला तो टॉर्क मिळवायला इंजिन तीन हजारांच्या वर फिरवावं लागतं. मोटर तो पहिल्या फुटाला देते. कंपनीच्या आकड्याप्रमाणे शून्य ते ६० ला ५.७ सेकंद लागतात, आणि मुंबईत ६० च्या वरचा वेग किती वेळा लागतो? सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना, बेस्टच्या बसमागून बाहेर पडताना हा झटपट पिक-अप खरोखर उपयोगी पडतो.

रिजनरेशनच्या ० ते ३ अशा चार पातळ्या आहेत. रिजनरेशन म्हणजे अॅक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर बनून गाडीचा वेग मारते आणि वीज बॅटरीत परत टाकते. ट्रॅफिकमध्ये पातळी २ ठेवावी. ३ वर गाडी इतकी पटकन थबकते की मागे बसलेल्यांच्या माना हलतात, आणि सवय नसलेल्याला मळमळतं.

एसीचा हिशेब तर अगदी सरळ आहे. उभ्या गाडीत एसी चालू ठेवला तर पेट्रोलचं इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास खातं. ईव्ही तासाला साधारण एक युनिट घेते, म्हणजे सात-आठ किलोमीटरची रेंज. शाळेबाहेर मुलांची वाट बघत मे महिन्यात अर्धा तास थांबणाऱ्याला धूर आणि घरघर दोन्हींतून सुटका मिळते.

खरी रेंज

लाँचच्या वेळी कंपनीने ३१५ किलोमीटर सांगितले होते. ते चाचणीच्या पट्ट्यावरचे. शहरात एसी लावून १८० ते २०० धरा. ईस्टर्न फ्रीवेवर किंवा कोस्टल रोडवर सतत ८० ने गेलात तर आकडा खाली येतो, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पेट्रोलच्या बरोबर उलटं हे गणित आहे: पेट्रोल गाडी हायवेवर चांगलं अॅव्हरेज देते आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये मार खाते, ईव्ही ट्रॅफिकमध्ये खूश आणि मोकळ्या रस्त्यावर जास्त खाते.

रोजचं ५० किलोमीटर धरलं तर सहा-साडेसहा युनिट जातात. ती भरायला साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर अडीच-तीन तास पुरतात. घोडबंदर रोड ते नरीमन पॉइंट आणि परत असं ९० किलोमीटर झालं तरी पाच तास. रात्री अकराला लावून सकाळी सातला काढली तर गाडी रोज भरलेलीच मिळते. पेट्रोलवाल्याला हेच ५० किलोमीटर रोज करताना आठवड्यातून एकदा पंपाच्या रांगेत उभं राहावं लागतं. वेळ दहा मिनिटांचाच, पण तो नेमका ऑफिसला उशीर होत असतानाच जातो.

भिंतीतलं सॉकेट

गाडीबरोबर येणारी केबल तीन पिनांच्या १५ अँपिअर प्लगची असते आणि मध्ये चार्जिंग सांभाळणारा एक डबा असतो. तिच्यावर २४ युनिटची बॅटरी १० ते १०० टक्के व्हायला कंपनीच्या हिशेबाने ८.७ तास लागतात. म्हणजे भिंतीतून साधारण १२ ते १३ अँपिअर सलग, रात्रभर ओढले जातात. घरातलं दुसरं कुठलंही यंत्र असं करत नाही. गिझर दोन किलोवॉटचा असला तरी पंधरा मिनिटांत बंद होतो. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. त्यामुळे 'गिझर चालतो की या बोर्डावर, गाडी का नाही चालणार?' हा वायरमनचा युक्तिवाद फसवा आहे. जे सॉकेट गिझरला दहा वर्षं पुरलं, ते गाडीला दोन महिन्यांत काळं पडू शकतं.

ते काळं पडायचं कारण बघा. सॉकेटच्या आत पितळेच्या पात्या पिन दाबून धरतात. दाब सैल झाला की पिनचा सगळा भाग टेकत नाही, दोन-चार ठिपक्यांवरूनच वीज जाते. तिथे उष्णता होते, उष्णतेने पाती आणखी सैल होते, ती आणखी तापते. प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी, मग मऊ. त्यात मुंबईची खारट हवा पितळेवर हिरवट थर चढवते आणि विरोध वाढवते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे केबलवरचा तो डबा अधांतरी लटकत ठेवणं. त्याच्या वजनाने प्लग सतत खाली ओढला जातो, वरची अर्थची पिन बाहेर झुकते आणि खालच्या दोन पिना तिरक्या बसतात. भिंतीवर शंभर रुपयांचा हूक ठोकून डबा त्यावर टांगा.

सॉकेट नवं, चांगल्या कंपनीचं, १६ अँपिअरचं घ्या. त्याहून उत्तम म्हणजे कारखान्यात वापरतात तसं निळं, गोल, झाकणाचं इंडस्ट्रियल सॉकेट, आणि केबलला त्याच जातीचा प्लग. मात्र गाडीच्या केबलचा मूळ प्लग कापून दुसरा बसवू नका, वॉरंटीचा वाद होतो. डीलरकडे तयार जोड मिळतो का ते आधी विचारा. जमिनीपासून सॉकेट सव्वा मीटर तरी वर हवं, म्हणजे पार्किंगमध्ये पाणी भरलं तरी ते कोरडं राहील.

आता वायर. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत ४० मीटर अंतर असेल आणि वायरमनने नेहमीची अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली, तर १३ अँपिअरला जवळपास आठ व्होल्ट वाटेतच पडतात आणि १०० वॉट वायरीत उष्णता होऊन जातात. रात्रभर एक जुना शंभरचा बल्ब पाइपाच्या आत जळत ठेवल्यासारखं. ४ स्क्वेअर एमएमची घेतली तर हे नुकसान ६० वॉटवर येतं. पुढे कधी ७.२ किलोवॉटचा वॉल चार्जर बसवायचा विचार असेल तर आत्ताच ६ स्क्वेअर एमएम तांब्याची टाका. पाइप, मजुरी आणि सोसायटीची परवानगी दुसऱ्यांदा काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. अॅल्युमिनियमची वायर घेऊ नका. जोड कमीत कमी ठेवा. टेप गुंडाळलेला जोड हेच पुढे तापायचं ठिकाण.

सर्किटवर स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा 'ए' प्रकारचा आरसीसीबी (वीज गळली की बंद पडणारा स्विच) हवा. आरसीसीबी सारखा ट्रिप होत असेल तर लगेच चार्जरला दोष देऊ नका. बहुतेक वेळा वायरमनने फेज तुमच्या मीटरमधून आणि न्यूट्रल जिन्याच्या दिव्यांच्या लाइनमधून घेतलेला असतो. जाणारा आणि परत येणारा करंट जुळला नाही की आरसीसीबी त्याचं काम करतो आणि बंद पडतो. न्यूट्रल स्वतःचा घेतला की प्रश्न संपतो.

डब्यावर लाल दिवा लागून चार्जिंगच सुरू होत नसेल तर दहापैकी आठ वेळा अर्थिंगचं दुखणं असतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पाचाच्या वर गेला तर अर्थ कमकुवत आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. जुन्या इमारतींत अर्थिंगचा खड्डा कधीचाच फरशीखाली गाडला गेलेला असतो आणि तिसरी पिन नावापुरती असते. अशा ठिकाणी नवीन अर्थिंग घालावं लागतं, आणि ते नुसत्या गाडीसाठी नाही, सगळ्या इमारतीच्या जिवासाठी गरजेचं आहे. न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून दिवा हिरवा करून देणारा वायरमन भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटला की त्या जोडणीने गाडीचा पत्राच जिवंत होतो.

सोसायटी

घराच्या मीटरवरून स्वतःच्या पार्किंगमध्ये गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट मुभा दिली आहे. तरी कमिटीशी भांडून हे काम होत नाही, कागद घेऊन गेलं की होतं. सेक्रेटरींना तीन भीती असतात: लोड झेपेल का, वीजबिल कोण भरणार आणि आग लागली तर काय. तिन्हींची उत्तरं अर्जालाच जोडा. परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून लोडचा दाखला, वायर मीटर रूमपासून कुठून कशी जाणार त्याचं साधं रेखाचित्र, स्वतःच्या मीटरवरून किंवा स्वतंत्र ईव्ही मीटरवरून वीज घेणार असल्याचं पत्र, आणि सगळा खर्च स्वतःचा असल्याचं लेखी.

सामायिक लाइटमधून वीज घेऊन महिन्याला ठरावीक रक्कम देण्याची तडजोड करू नका. पहिले सहा महिने ती सुखाची असते. मग कुणीतरी सर्वसाधारण सभेत बिल काढतं आणि प्लग काढून टाकला जातो.

स्वतंत्र मीटर घ्यावा का? शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. सगळीकडे ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मिळतं आणि त्याचा दर वेगळा असतो. घरच्या मीटरवर १००, ३०० आणि ५०० युनिटला स्लॅब बदलतो. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे चार्जिंगमधलं नुकसान धरून साधारण १४० युनिट. आधीच दोन एसी चालणाऱ्या घरात हे १४० युनिट सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये पडतात. तिथे वेगळा मीटर घ्यावा. दोघांचंच घर, बिल दोनशे युनिटच्या आत, तर घरचाच मीटर पुरे.

स्टॅक पार्किंग, म्हणजे ट्रेवर एकावर एक गाड्या ठेवण्याची सोय असेल तर मात्र थांबा. वरच्या ट्रेवर गाडी चढवल्यावर केबल लोंबकळते, आणि खालच्याने ट्रे हलवला की ती तुटते किंवा गाडीच्या सॉकेटसकट उखडते. ट्रेवरच सॉकेट आणि सरकती केबल बसवलेली नवीन यंत्रणा असेल तरच जमतं. शिवाय बॅटरीमुळे ईव्ही तिच्या पेट्रोल जुळ्यापेक्षा जड असते; ट्रेच्या क्षमतेची पाटी वाचा. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना, म्हणजे गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या चाळी-इमारतींतल्या बहुतेकांना, सरळ सांगतो: पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड सोडून गाडी चार्ज करणं हा धोका आहे, तुमच्यासाठी आणि खालून चालणाऱ्यासाठीही.

बाहेरचं चार्जिंग

मॉल, पेट्रोल पंप, ऑफिस संकुलं यांत जलद डीसी चार्जर (थेट बॅटरीत वीज भरणारे) आता बरेच दिसतात. गनचा, म्हणजे गाडीत खुपसायच्या टोकाचा प्रकार सीसीएस२, तो जवळपास सगळीकडे सारखाच. टियागो ईव्ही त्यावर १० ते ८० टक्के व्हायला ५८ मिनिटं घेते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ही गाडी स्वतःच २५ किलोवॉटच्या आसपासच वीज घेऊ शकते. १२० किलोवॉटचं मोठं मशीन रिकामं दिसलं तरी वेळ वाचणार नाही. ३० किलोवॉटच्या साध्या मशीनला लावा, मोठं मशीन मोठ्या बॅटरीवाल्याला राहू द्या.

क्रम चुकला की इथे वैताग होतो. गाडी बंद करून लॉक उघडा, गन सरळ दाबून बसवा. केबल जाड आणि जड असते, ती गनचं मागचं टोक खाली ओढते आणि खालच्या दोन जाड पिना पुऱ्या बसत नाहीत. म्हणून लॉक लागल्याचा 'टक' ऐकू येईपर्यंत हाताने खालून आधार द्या. मग अॅपवरून सुरू करा. 'कनेक्शन फेल' आलं तर गन काढून पुन्हा बसवा. तरीही मशीन मुकं असेल तर त्यावरचं लाल आपत्कालीन बटण बघा. कुणीतरी ते दाबून ठेवलेलं असतं, उजवीकडे फिरवलं की ते बाहेर येतं. थांबवताना आधी अॅपवरून थांबवा, गाडीचं लॉक किल्लीने उघडा, मग गन ओढा. जोर लावू नका. पावसात गन हुकवरून काढल्यावर तोंड खाली करून झटका आणि पिनांत पाणी नाही ना ते बघून मगच लावा.

प्रत्येक कंपनीचं अॅप वेगळं, वॉलेट वेगळं, आणि बेसमेंटमध्ये नेटवर्क नाही. हे खरंच गैरसोयीचं आहे. घरातून निघण्यापूर्वी तीन-चार अॅप घेऊन प्रत्येकात थोडे पैसे टाकून ठेवा. मॉलचं पार्किंगचं भाडं वेगळं लागतं, ते चार्जिंगच्या हिशेबात धरा. आणि चार्जरच्या जागेत पेट्रोल गाडी लावून आत जेवायला गेलेल्यांना काय म्हणावं! त्या जागेची पाटी वाचण्याइतकं तरी सौजन्य दाखवायला हवं.

पुण्याला जायचं तर

सायनहून पुणे साधारण दीडशे किलोमीटर. एक्सप्रेस वेवर ८०-९० च्या वेगाने या गाडीची रेंज १६० च्या आसपास येते आणि मध्ये बोरघाट आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर चढते. माणसांसकट गाडी दीड टनाची धरली तर नुसतं तेवढं वजन वर उचलायलाच सव्वादोन युनिट लागतात, म्हणजे बॅटरीचा दहावा भाग, आणि तोही रोजच्या वापराच्या वर. एकदम पोचायचा हट्ट न धरता खालापूरला किंवा लोणावळ्यात अर्धा तास चार्जिंग करा. उतरताना यातली बरीचशी वीज परत मिळते, पण एक अट आहे: बॅटरीत जागा हवी. लोणावळ्यात १०० टक्के भरून घाट उतरायला लागलात तर वीज ठेवायला जागाच नसते, रिजनरेशन बंद राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नव्वदच्या आत ठेवूनच उतरा.

पेट्रोल टियागो हे सगळं काही न विचारता करते. महिन्यातून चारदा पुणे किंवा कोकण करणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावं. महाड-चिपळूणच्या पुढे आडगावी जायचं तर चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे, हे आधी ठरवूनच निघावं लागतं.

टोलचा फायदा मात्र ठोस आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक चारचाकींना एक्सप्रेस वे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोल माफ आहे. अटल सेतूचे एका फेरीचे २५० आणि एक्सप्रेस वेचे ३२० रुपये वाचतात. फास्टॅगच्या नोंदीत गाडी इलेक्ट्रिक म्हणूनच लागली आहे ना, ते बँकेकडून तपासून घ्या आणि सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर पैसे कापले गेलेत का ते बघा.

पावसाळा

'पाण्यात शॉक लागेल का?' हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. बॅटरीला आयपी ६७ दर्जा आहे, म्हणजे चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून आत पाणी जात नाही. विजेची गळती जाणवली तर यंत्रणा बॅटरीचा पुरवठा स्वतः तोडते. पेट्रोल गाडीचं दुखणं वेगळं आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं की ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर विमा कंपनी हात वर करते. ईव्हीला हवा ओढायचीच नसते.

म्हणून ईव्ही पाण्यात घाला असं मुळीच नाही. कार्पेट भिजतं, खालचे कनेक्टर गंजतात, व्हील बेअरिंगमध्ये चिखल जातो. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर घरी आणून लगेच चार्जिंगला लावू नका. सर्व्हिस सेंटरला इन्सुलेशन तपासून घ्या, मगच प्लग.

एक बारीक गोष्ट: रिजनरेशनमुळे ब्रेक फार कमी वापरले जातात, आणि समुद्राच्या हवेत डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रिजनरेशन ० वर आणून चार-पाच वेळा नीट ब्रेक मारा. डिस्क पुन्हा चकचकीत होते.

देखभाल आणि पैसे

ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, पीयूसी. ईव्हीत यातलं काहीच नाही. उरतं ते कूलंट, ब्रेक ऑइल, एसीचा फिल्टर, टायर आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी. ही शेवटची विसरू नका. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. महिनाभर गावी जाणार असाल तर परत आल्यावर हाच प्रकार बघायला मिळू शकतो, जम्पर केबल घरात असू द्या. टियागोची मोठी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची आहे. तिचा व्होल्टेज बराच काळ एकाच पातळीवर राहत असल्याने टक्केवारीचा अंदाज हळूहळू चुकतो. आठवडा-दोन आठवड्यांतून एकदा स्लो चार्जिंगने १०० टक्के होऊ दिलं की आकडा पुन्हा खरा होतो. नाक्यावरचा मेकॅनिक मात्र इथे कामाचा नाही. नारिंगी रंगाच्या केबलला प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये. बंद पडली तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची, दोरीने ओढायची नाही.

पेट्रोल १०३-१०४ रुपये लिटर आणि शहरात १२ चं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला साडेआठ रुपये. घरची वीज १० रुपये युनिट धरली तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत. बाहेरच्या डीसीवर युनिटला १८ ते २५ पडतात, म्हणजे अडीच ते साडेतीन रुपये. फक्त बाहेर चार्ज करणाऱ्याचा फायदा तिथेच निम्म्यावर येत नाही, पण वेळ जातो आणि सोय संपते. राज्यात ईव्हीला रोड टॅक्स माफ आहे, तर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. थर्ड पार्टी विम्यातही १५ टक्के सूट. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. सेकंडहँड घेणार असाल तर ती दुसऱ्या मालकाला कशी लागू होते ते लेखी घ्या आणि बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागा. नवीन गाडीची डिलिव्हरी घेताना डिक्कीचा तळ उचलून स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही बघा.

बुकिंगच्या आधी

टेस्ट ड्राइव्हपेक्षा पार्किंगमधल्या सॉकेटची टेस्ट आधी घ्या. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून ठेवा. त्यावर २००० वॉटची इंडक्शन शेगडी लावा, वर पाण्याचं मोठं पातेलं, आणि अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवा. चालू असताना पुन्हा व्होल्टेज बघा. २३५ चे २३० झाले तर उत्तम. दहाच्या वर पडले तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. मग शेगडी बंद करून प्लग काढा आणि पिनांच्या मागचा भाग बोटाने चाचपा. कोमट असेल तर चालेल. बोट ठेववत नसेल तर सॉकेट बदला, वायर तपासा, आणि दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा करा. गाडी याच्या दीडपट करंट आठ-नऊ तास ओढणार आहे.